राग आला तर पोरानं करायचं काय? दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरांसाठी

अडीच वर्षांचं पोर दुकानासमोर लोळण घेतं, हातातलं भिरकावतं, आज्जीवर हात उगारतं, तेव्हा बहुतेक घरांत दोनच उपाय चालतात: धपाटा, नाही तर बिस्किटाचा पुडा. दोन्हींनी रडणं थांबतं. पण राग आल्यावर करायचं काय, हे पोराला कळायचं ते राहूनच जातं. ते शिकवता येतं, आणि शिकवण्याची वेळ भडक्याच्या वेळची नसते. ती आंघोळीनंतरची, खेळातली, झोपण्याआधीची निवांत वेळ असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातले नवे आईबाप, नातवंडं सांभाळणारे आज्जी-आजोबा आणि अंगणवाडीत किंवा बालवाडीत नुकत्याच लागलेल्या बाई यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

वयाकडून किती अपेक्षा ठेवायची

राग आवरण्याचं काम मुख्यतः मेंदूच्या कपाळामागच्या भागाकडे असतं, आणि तो भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. दोन वर्षांच्या मुलात तो जेमतेम कामाला लागलेला असतो. म्हणून "एवढं सांगून कळत नाही का?" याचं खरं उत्तर "कळतं, पण त्या क्षणी जमत नाही" असं आहे.

दीड ते तीन वर्षांपर्यंत राग अंगातूनच बाहेर पडतो: लोळणं, चावणं, डोकं आपटणं. दिवसाकाठी एखादा भडका या वयात नवलाचा नाही, आणि बहुतेक भडके पाच मिनिटांच्या आत ओसरतात. इथं मोठ्यांचं काम दोनच गोष्टींचं: इजा होऊ न देणं आणि जे चाललंय त्याला नाव देणं. तीन ते चार वर्षांचं मूल आठवण करून दिली की "मला राग आलाय" म्हणू शकतं, दोन गोष्टींतली एक निवडू शकतं. चार ते सहाच्या दरम्यान, सराव असेल तर, राग चढायच्या आधीची खूण त्याला कळू लागते आणि शिकवलेला एखादा उपाय ते स्वतः करून बघतं. तरीही भुकेलेलं किंवा पेंगुळलेलं सहा वर्षांचं पोर सगळं विसरतं. ते शिकवण्याचं अपयश मानू नका.

एक गोष्ट मात्र आजपासून बंद करा. "बापाच्या वळणावर गेलाय", "आमचा तापटच आहे" हे पोरासमोर बोलणं. मूल ते ऐकतं, आणि आपण असेच आहोत असं धरून चालतं.

पहिलं काम: सात दिवसांची वही

उपाय सुरू करण्याआधी एक आठवडा नुसती नोंद ठेवा. शंभर पानी वहीत पाच रकाने आखा: वेळ, त्याआधी काय चाललं होतं, शेवटचं खाणं आणि झोप कधी, पोरानं काय केलं, मोठ्यांनी काय केलं आणि किती मिनिटांत शांत झालं. वही सोप्यात सगळ्यांच्या हाताला येईल अशी ठेवा. आज्जीला लिहिता येत नसेल तर संध्याकाळी त्यांना विचारून सुनेनं किंवा नातीनं लिहावं. "हट्ट केला" असं लिहू नका. "टीव्ही बंद केल्यावर रिमोट फेकला, आजोबांनी परत लावून दिला" असं लिहा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच रिकामा ठेवतात, कारण तिथं आपलं वागणं लिहावं लागतं.

१९३१ साली फ्लॉरेन्स गुडइनफ या संशोधिकेनं अमेरिकेतल्या मिनेसोटात आयांकडून मुलांच्या रागाच्या अशाच रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. जेवणाच्या आधीच्या वेळात आणि मूल आजारी असताना रागाचे प्रसंग वाढतात, असं त्यातून दिसलं. तुमच्या वहीतही बहुधा हेच निघेल. आठवड्यानंतर एकाच वेळेच्या किंवा एकाच कारणाच्या नोंदींना लाल पेनानं गोल करा. तीनपेक्षा जास्त गोल एका जागी जमले की आधी ते कारण हलवा. नेहमी सापडणारी कारणं अशी:

भूक. सकाळी चहात बुडवलेली दोन बिस्किटं खाऊन व्हॅनमध्ये बसलेलं पोर साडेअकराला भांडणारच. निघण्याआधी नाचणीची आंबील, अर्धी भाकरी आणि दही, किंवा केळं आणि उकडलेलं अंडं द्या. शाळेतून आल्याबरोबर, दप्तर ठेवायच्याही आधी, काहीतरी पोटात जाऊ द्या. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, घशात अडकतात. कुटाचा लाडू चालतो.

झोप. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप हवी, दुपारची धरून. मालिका संपेपर्यंत जागून साडेदहाला झोपलेलं आणि व्हॅनसाठी साडेसहाला उठवलेलं पोर आठच तास झोपतं. दुपारी दोन तास झोपलं तर कुठं दहा होतात. वडगाव-खासबागसारख्या भागात घरातच माग चालतो, तिथं दुपारच्या झोपेसाठी मागापासून लांबची खोली आणि ठरलेली वेळ लागते.

फोन. काढून घेतल्यावरच्या भडक्याचं कारण बहुतेक वेळा काढून घेण्याच्या पद्धतीत असतं. देण्याआधी शेवट ठरवा: "ही एक गोष्ट संपली की फोन तू आजोबांच्या हातात द्यायचास." आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करून ठेवा, नाही तर शेवट कधी येतच नाही. मुलानं स्वतःच्या हातानं फोन परत देणं हा त्यातला खरा धडा आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोरचा वेळ एका तासाच्या आत ठेवावा, हीही त्याच संघटनेची शिफारस.

खेळ मोडणं. लहान मुलाला "पाच मिनिटं" कळत नाहीत. "आणखी दोन वेळा घसरगुंडी, मग चप्पल" हे कळतं. आणि दोन म्हटलं की दोनच.

सुगीच्या दिवसांत, गणपतीत, लग्नसराईत ही सगळी कारणं एकदम येतात. आई-बाप रानात, जेवणाच्या वेळा पुढं गेलेल्या, रात्री मांडवात जागरण. त्या दिवसांत नवं काही शिकवायला घेऊ नका. डबा आणि झोप तेवढी सांभाळा.

दुसरं काम: राग अंगात कुठं येतो ते शोधणं

मुलाला "राग" हा शब्द देण्याआधी अंगातली खूण दाखवावी लागते. राग आला की काळजाचे ठोके वाढतात, श्वास भराभर होतो, स्नायू आवळतात, कान-गाल तापतात. मोठ्यांना हे माहीत असूनही त्यांचं लक्ष नसतं. मुलाला तर सांगितल्याशिवाय कळणारच नाही.

रविवारी सकाळी, पोट भरलेलं असताना, अंगणात किंवा फरशीवर मुलाला उताणं झोपवा आणि खडूनं त्याच्या अंगाभोवती रेघ काढा. मग त्या आकृतीजवळ बसून विचारा: "काल दादानं गाडी घेतली तेव्हा तुझे हात कसे झाले होते? दाखव बघू." मूल मूठ आवळून दाखवील. आकृतीच्या हातावर लाल खडूनं रंगवायला सांगा. मग दात, मग कान, मग छाती. छातीवर हात ठेवून ठोके मोजायला लावा, अंगणात दोन फेऱ्या धावायला सांगा आणि परत हात ठेवायला लावा. ठोके वाढलेले त्याला हाताला लागतात. दहा मिनिटं पुरे. मूल कंटाळलं की थांबा.

पुढच्या दोन-तीन दिवसांत किती राग आलाय हे सांगायची सोय करून द्या. त्यासाठी दुधाचं पातेलं चांगलं, कारण ते प्रत्येक मुलानं गॅसवर पाहिलेलं असतं. कागदावर पातेलं काढून तीन खुणा करा: तळाशी गार दूध, मधे कडेनं फेस, वर उतू जाणारं दूध. निळा, पिवळा, लाल रंग द्या आणि कागद मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा, मोठ्यांच्या नव्हे. दिवसातून दोनदा, साध्या वेळी, बोट ठेवायला सांगा: "आत्ता तुझं दूध कुठं आहे?" मोठ्यांनीही आपलं बोट ठेवावं. "बस चुकली म्हणून माझं दूध फेसाला आलंय, मी जरा पाणी पिऊन येतो" असं बापानं म्हटलेलं मुलाला कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त शिकवतं.

सगळी मेहनत फेसाच्या खुणेसाठी आहे. उतू गेल्यावर काही शिकवता येत नाही. फेस दिसला की आच कमी करता येते. मुठी आवळल्या, आवाज चढला, एकच वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागलं की हळूच म्हणा, "फेस यायला लागलाय वाटतं." इथं दोन चुका होतात. एक, मूल लाल खुणेवर असताना त्याला कागदाकडं ओढत नेणं. मग तो कागदच त्याला नकोसा होतो. दुसरी, निळ्या खुणेवर बोट ठेवलं की शाबासकी आणि लालवर ठेवलं की तोंड वाकडं. तसं झालं तर मूल खोटं बोट ठेवायला शिकतं. खरं सांगितल्याबद्दल शाबासकी द्या, रंग कुठलाही असो.

शब्दही लागतात. तीन वर्षांच्या मुलाला चार पुरे: राग, रडू, भीती, आनंद. चारच्या पुढं कंटाळा, लाज, रुसवा, हिरमोड, मत्सर हे एकेक करून घरच्या बोलण्यात आणा. रागाच्या खाली पुष्कळदा दुसरंच काही असतं. बारशाच्या दिवशी धाकट्या भावाचं पांघरूण ओढणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला राग कमी आणि मत्सर जास्त असतो. "तुला वाटतंय सगळे बाळाकडंच बघताहेत, होय ना?" हे वाक्य तिथं लागू पडतं. चुकीचं नाव दिलं गेलं तर मूल मान हलवून नाही म्हणतं. तेही उपयोगाचंच, पुढचं नाव देऊन बघा.

तिसरं काम: दोन उपाय, रोज दोन मिनिटं

उपायांची यादी मोठी करू नका. दोन निवडा, एक श्वासाचा आणि एक अंगमेहनतीचा. महिनाभर तेच.

श्वासाचा उपाय असा. दोन्ही हातांची ओंजळ करून त्यात गरम आमटीची वाटी आहे असं मानायचं. नाकानं वास घ्यायचा, मनात एक-दोन म्हणेपर्यंत. मग तोंडाचा चंबू करून हळू फुंकायचं, एक ते चार म्हणेपर्यंत. असं चार वेळा. बाहेर सोडलेला श्वास लांबला की काळजाचे ठोके मंदावतात, म्हणून फुंकणं घेण्यापेक्षा लांब हवं. मुलं हमखास जोरजोरात आणि भराभर फुंकतात. त्यानं गरगरतं आणि उपाय उलटतो. "आमटी सांडेल, हळू" म्हणा. दिवेलागणीच्या वेळी घरात जे असतील त्यांनी सगळ्यांनी मिळून रोज करावं. सराव नसताना, भडक्यात, "श्वास घे, श्वास घे" असं ओरडून काही होत नाही. मुलाच्या कानाला तो आणखी एक हुकूम वाटतो.

अंगमेहनतीचा उपाय मुलाच्या आवडीनं निवडा: दोन्ही तळवे भिंतीला लावून दहा मोजेपर्यंत ढकलणं, लिंबाएवढा कणकेचा गोळा दाबणं, परड्यातल्या झाडाला तांब्यानं पाणी घालून येणं. आवळलेल्या स्नायूंना काम मिळतं आणि हात मारण्यात गुंतत नाहीत. उशीवर बुक्के मारून राग "काढायला" मात्र शिकवू नका. तसं केल्यानं राग उतरतो हा समज जुना आहे, पण मोठ्या माणसांवर केलेल्या प्रयोगांत तो उतरण्याऐवजी टिकलेला आणि वाढलेला दिसला. शिवाय आज उशी, उद्या बहीण.

घरात एक शांत कोपरा करा. जुनी वाकळ, एक उशी, पातेल्याचा कागद, एखादं चित्रांचं पुस्तक. चूल, गॅस, पाण्याची टाकी, गच्चीचा दरवाजा यांपासून लांब, पण माणसांच्या नजरेत. तिथं शिक्षा म्हणून कधीही बसवायचं नाही. एकदा जरी "जा, कोपऱ्यात बस" झालं तरी मूल पुन्हा आपणहून तिथं जात नाही. सुरुवातीला मोठ्यांपैकी कुणीतरी सोबत बसावं. निवांत वेळी तिथं गोष्ट वाचावी म्हणजे जागा ओळखीची होते.

भडका उडालाच तर

मूल कुठलंही असो, भडक्याचा क्रम बराचसा सारखा असतो. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००३ मध्ये आईबापांच्या शेकडो वर्णनांवरून तो मांडला: ओरडणं, लाथा, फेकाफेक हा रागाचा भाग सुरुवातीला चढतो आणि उतरतो, रडणं, मुसमुसणं, जवळ येऊ बघणं हा दुःखाचा भाग शेवटापर्यंत राहतो. हे माहीत असलं की कुठल्या वेळी काय करायचं ते ठरवता येतं.

१. आधी स्वतः एक श्वास सोडा. तुमचा आवाज चढला की मुलाचा त्याच्या वर जातो.

२. धोका हलवा. विळी, गरम चहा, दगड, रस्ता. बाकीच्या मुलांना बाजूला घ्या. बघे कमी करा; शेजारच्या काकूंना हसून "आत्ता राहू दे" म्हणायला लाजू नका.

३. मुलाच्या उंचीला खाली बसा, हातभर अंतरावर. तोंडासमोर नको, जरा तिरकं.

४. एकदाच आणि थोडक्यात बोला: "तुला खूप राग आलाय. मारू देणार नाही. मी इथं आहे." तीन वाक्यं झाली, आता गप्प. समजावणं, प्रश्न, "का? सांग का?" हे सगळं या वेळी वाया जातं. मूल मारतच असेल तर मनगट हलकेच धरा, "हात धरतोय, लागू नये म्हणून" म्हणा, आणि जोर ओसरला की सोडा.

५. थांबा. आरडाओरड्याच्या भागात मिठी मारायला गेलात तर बहुतेक मुलं ढकलतात. आवाज बदलून रडवेला झाला, डोळे तुमच्याकडं वळले, की हात पुढं करा. तेव्हा कुशी लागते, पाण्याचे दोन घोट लागतात, आमटीची फुंकर जमते.

६. ज्याच्यासाठी भडका झाला ते या वेळी देऊ नका. इथं घरं हमखास घसरतात. चार वेळा नाही आणि पाचव्या वेळी "घे बाबा एकदाचं" झालं, की मूल शिकतं ते असं: पाचव्या वेळेपर्यंत ओरडत राहिलं पाहिजे. द्यायचंच असेल तर पहिल्या विनवणीला द्या.

गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात गर्दीच्या वेळी हे घडलं तर पायऱ्या त्याच, जागा तेवढी बदलायची. सामान दुकानदाराकडं ठेवून मुलाला उचलून कडेच्या बोळात किंवा एखाद्या पायरीवर न्या. लोक बघतात म्हणून घाईनं खेळणं घेऊन देणं सगळ्यात महाग पडतं, कारण पुढच्या बाजारात त्याच दुकानासमोर तेच होतं. निघण्याआधी घरातच ठरवून जा: "आज तुला एक गोष्ट मिळणार, दहा रुपयांपर्यंत, निवड तुझी" किंवा "आज फक्त भाजी." आणि जेवण झाल्यावरच बाहेर पडा.

काही गोष्टी कटाक्षानं टाळा. अंधाऱ्या खोलीत कोंडणं, बागुलबुवा, "पोलिसाला देतो", "बाबा येऊ देत मग बघ". यांनी राग जात नाही, त्याच्यावर भीती बसते, आणि बाबा घरी येण्याचीच भीती वाटू लागते. रडतानाचे व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं हा मुलाचा अपमान आहे. मारणं तर नकोच: मारू नको हे मारून सांगता येत नाही. शाळेतल्या बाईंसाठी हा कायद्याचाही प्रश्न आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे.

शांत झाल्यावर

वीस मिनिटं ते अर्धा तास जाऊ द्या. खाणं-पिणं झालं की तीनच प्रश्न: काय झालं होतं? तुझं अंग कसं झालं होतं? पुढच्या वेळी काय करूया? तीन वर्षांच्या मुलाला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येणार नाही. दोन उत्तरं तुम्ही द्या आणि एक निवडायला सांगा. मग ते एकदा करून घ्या. तीच गाडी, तोच दादा, आणि "दादा, माझी पाळी कधी?" हे वाक्य खोटं खोटं म्हणून बघायचं. हा दोन मिनिटांचा सराव म्हणजे सगळ्या प्रकरणातला शिकण्याचा भाग, आणि दमलेले मोठे नेमका तोच सोडून देतात.

भरपाई कामातून व्हावी. सांडलं ते पुसायला मदत, मोडलेला मनोरा परत उभा करणं, आज्जीला लागलं असेल तर तिला पाणी आणून देणं. जबरदस्तीनं म्हणवून घेतलेलं "सॉरी" तोंडातून निघतं तेवढंच.

घरातली सगळी माणसं

आई थांबते, आज्जी चॉकलेट देतात, काका हसतात, आजोबा डोळे वटारतात. अशा घरात मूल कुणाकडं काय चालतं एवढंच शिकतं. रात्रीच्या जेवणानंतर, मूल झोपल्यावर, सगळ्यांनी मिळून तीनच नियम ठरवा: राग चालेल पण मारणं-फेकणं चालणार नाही; ओरडून मागितलेलं मिळणार नाही; एकानं हाताळायला घेतलं की बाकीच्यांनी मधे पडायचं नाही.

सुनेनं सासूबाईंना हे सांगणं अवघड असतं, म्हणून नुसती मनाई सांगू नका, काम सांगा. "आई, तो रडायला लागला की तुम्ही त्याच्याजवळ बसा, फक्त हातात काही देऊ नका. तुम्ही बसलात की तो लवकर निवतो." नवऱ्यानं हे आपल्या आईला सांगितलं तर आणखी बरं. आज्जींकडं निवांतपणा असतो. दिवेलागणीची फुंकर त्यांच्याकडंच सोपवावी.

अंगणवाडी आणि बालवाडीत

आपल्या भागातली एक अडचण इतर ठिकाणच्या सल्ल्यांत सापडत नाही. घरी मराठी बोलणारं तीन वर्षांचं पोर कन्नड अंगणवाडीत जातं. कुणी खेळणं घेतलं तर "दे" कसं म्हणायचं हे त्याला माहीत नसतं, मग ते ढकलतं किंवा चावतं, आणि आठवड्यात "मारका" ठरतं. त्याच्या अंगात राग जास्त नसतो, तोंडात शब्द नसतात. जायच्या आधी महिनाभर घरी हे शब्द खेळातून करून घ्या: ब्याड (नको), कोडु (दे), साकु (पुरे), नीर बेकु (पाणी पाहिजे), नंग सिट्टु बंदैति (मला राग आलाय). पाळी हा शब्द दोन्ही भाषांत चालतो, तेवढं बरं आहे. "नन्न पाळी" म्हणजे माझी पाळी. कन्नड घरातलं मूल मराठी बालवाडीत येत असेल तर बाईंनी हेच उलट बाजूनं करावं. बाईंना पातेल्याच्या कागदाची एक प्रत द्या. रंगावर बोट ठेवायला कुठलीच भाषा लागत नाही.

वीस-पंचवीस मुलं आणि एक बाई असताना वर सांगितलेलं सगळं जमणार नाही. मग भांडणाच्या जागाच कमी करा. एकच झोपाळा असेल तर पाळीसाठी मोजणी ठरवा, दहा झोके आणि उतरायचं. मोजायला रांगेतली मुलं. मुलांना जास्त आवडणारी खेळणी एकेक न ठेवता दोन-दोन ठेवा. खाऊच्या आधीचा अर्धा तास बसून ऐकायच्या गोष्टींना न देता पाणी-मातीच्या खेळाला द्या. चावणारं मूल दिसलं तर आधी चावा बसलेल्याकडं जा, त्याचा हात धुवा. मग चावणाऱ्याला "चावू देणार नाही, दुखतं" एवढंच. उलट चावून दाखवायचं नाही.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

काही मुलं रागात रडता रडता श्वास धरतात, ओठ निळे पडतात, क्षणभर शुद्धही जाते. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांत हे दिसतं आणि बहुतेक वेळा मिनिटाच्या आत आपोआप ओसरतं. मुलाला कुशीवर झोपवा, आजूबाजूचं हलवा, तोंडात काही घालू नका, हलवू-आपटू नका. श्वास मिनिटाच्या आत परत आला नाही तर १०८ ला फोन करा. पहिल्यांदा असं झालं की डॉक्टरांना दाखवाच, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला सांगा, कारण लोहाच्या कमतरतेशी याचा संबंध असतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोहाचं औषध आशा कार्यकर्तीकडून आठवड्यातून दोनदा, एक मिलीलिटर असं मिळतं. तुमच्या मुलाला मिळतंय का ते विचारा.

याशिवाय भडके वारंवार पंचवीस मिनिटांहून लांबत असतील, पाच वर्षांनंतरही रोज अनेकदा होत असतील, मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, बोलणं वयाच्या मानानं मागं असेल, हाक ऐकू येत नाही असं वाटत असेल, किंवा एखाद्या प्रसंगानंतर अचानक वागणं बदललं असेल तर वाट बघू नका. नीट ऐकू न येणारं मूल "हट्टी" म्हणून वर्षानुवर्षं मार खातं, म्हणून कान आधी तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. तारीख बाईंना विचारून ठेवा. तालुका रुग्णालय, बेळगावचं बिम्स, आणि मनाच्या तक्रारींसाठी धारवाडची डिमहान्स ही पुढची ठिकाणं. टेली-मानस हा सरकारी फोन १४४१६ वर चोवीस तास मोफत चालतो. फोन लागला की मराठीत बोलायचंय असं सांगा. कुणी मुलाला छळत असल्याचा संशय असेल तर १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन करा.

जाताना सात दिवसांची वही बरोबर न्या. श्वास धरण्याचा प्रसंग असेल तर, जवळ दुसरं मोठं माणूस असताना, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फक्त डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढून ठेवा. तोंडी वर्णनापेक्षा त्यावरून त्यांना फिट आहे की श्वास धरणं हे लवकर ओळखता येतं. आणि दिवसभर मूल ज्यांच्याजवळ असतं ते माणूस, आज्जी असोत की अंगणवाडीच्या बाई, शक्य असेल तर सोबत असू द्या.